किनाऱ्यावरच्या माणसांनी पाहावा असा एक जुना भयपट: ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’

‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’ हे नाव वाचून या चित्रपटाकडे कोणी पाठ फिरवली तर त्याला दोष देता येणार नाही, कारण हे नाव चित्रपट घडवणाऱ्यांनीही आपणहून निवडलेले नव्हते. हॉलिवूडमधल्या आरकेओ या कंपनीने १९४२ साली व्हॅल ल्यूटन या निर्मात्याकडे भयपटांचा एक लहानसा विभाग सोपवला, तेव्हा त्याला तीन अटी घातल्या होत्या: प्रत्येक चित्रपटाचा खर्च दीड लाख डॉलरच्या आत राहिला पाहिजे, लांबी पंचाहत्तर मिनिटांच्या पुढे जाता कामा नये, आणि नाव कंपनी देईल तेच घ्यायचे. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या चित्रपटांत कंपनीचे पैसे अडकले होते आणि थोडक्या भांडवलात लवकर गल्ला जमवणारा माल तिला हवा होता. या चित्रपटाचे नाव आयनेझ वॉलेस या लेखिकेच्या एका नियतकालिकातल्या लेखावरून उचललेले आहे. ल्यूटनने ते नाव मुकाट्याने स्वीकारले आणि त्याच्या आड शार्लट ब्राँटेच्या ‘जेन आयर’ या कादंबरीचा सांगाडा घेऊन वेस्ट इंडीजच्या एका बेटावरची कथा रचली. १९४३ साली पडद्यावर आलेला, झाक तूर्नर या दिग्दर्शकाचा हा एकोणसत्तर मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट माझ्या मते त्या काळातल्या सर्व भयपटांत सर्वांत सुंदर आहे, आणि समुद्रकाठी, देवस्थानांच्या आणि गाऱ्हाण्यांच्या सहवासात वाढलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला तो इतरांपेक्षा अधिक कळेल असे मला मनापासून वाटते.

कथा थोडक्यात अशी. बेट्सी कॉनेल ही कॅनडातली तरुण परिचारिका ओटावामध्ये नोकरीसाठी मुलाखत देते. खिडकीबाहेर बर्फ पडत असते आणि मुलाखत घेणारा गृहस्थ तिला मधेच विचारतो की जादूटोण्यावर तिचा विश्वास आहे का. नोकरी सेंट सेबॅस्टियन नावाच्या एका काल्पनिक बेटावरची आहे. तेथे पॉल हॉलंड या उसाच्या मळेवाल्याची बायको जेसिका एका तापानंतर अशी झाली आहे की ती चालते, सांगितले तर वळते, पण बोलत नाही, कोणाला ओळखत नाही आणि तिच्या डोळ्यांत कसलीच ओळख उरलेली नाही. घरात पॉलचा सावत्र भाऊ वेस्ली आहे, तो दारूच्या आहारी गेलेला आहे. दोघांची आई श्रीमती रँड ही मिशनरी नवऱ्याच्या मागे बेटावरच्या लोकांचा दवाखाना सांभाळते. आजारापूर्वी जेसिका आणि वेस्ली पळून जाणार होते, ही गोष्ट घरातले कोणी उघड बोलत नाही, पण सगळ्या बेटाला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतात, तापाने मेंदूचा काही भाग निकामी झाला. बेटावरचे लोक म्हणतात, ती मेलेली आहे आणि तिला चालती ठेवली आहे. यापुढची कथा मी सांगणार नाही.

बेट्सी बोटीने बेटाकडे निघालेली असते तो प्रसंग मुद्दाम लक्ष देऊन पाहावा. रात्रीची वेळ, शिडाचे जहाज, खलाशांचे गाणे आणि बोटीच्या कडेला उजळणारे पाणी पाहून ती मनात हरखून जाते. शेजारी उभा असलेला पॉल, जो अजून तिला अनोळखी आहे, तिच्या मनातले ओळखून सांगतो की हे उडणारे मासे आनंदाने उड्या मारत नाहीत, खालून मोठे मासे त्यांना खायला आले आहेत म्हणून ते जिवाच्या भीतीने उसळत आहेत; आणि पाण्याला आलेले हे तेज लाखो मेलेल्या सूक्ष्म जिवांचे, म्हणजे कुजण्याचे तेज आहे. असा माणूस आपल्याकडे गावोगाव असतो, चांगले काही दिसले की त्यातली कीड आधी दाखवणारा. परंतु थंडीच्या दिवसांत वेंगुर्ल्यापासून गुहागर-मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यांवर रात्री लाटा फुटताना निळसर पेटतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पॉलचे हे वाक्य ऐकताना थांबावेसे वाटेल. तो प्रकाश मेलेल्या जिवांचा नसतो. नॉक्टिल्युका नावाचा एक जिवंत, एकपेशीय जीव हलवला गेला की उजळतो, म्हणून ओल्या वाळूवर पाय ठेवला तरी पावलाभोवती ठिणग्या उठतात. पॉलचे शास्त्र चुकलेले आहे, आणि तो चुकतो हेच त्या माणसाबद्दल बरेच काही सांगून जाते: जिवंत गोष्टीला मेलेली समजण्याची त्याला सवय झालेली आहे, आणि पुढे घरातल्या बाईबद्दलही नेमका तोच प्रश्न उभा राहणार आहे. तरीही त्याचे म्हणणे पूर्णपणे उडवून लावता येत नाही, कारण अरबी समुद्रात हा जीव फार माजला की माशांची अन्नसाखळी बिघडते असे संशोधक सांगतात. चित्रपटाने हे इतके योजले असेल असा माझा दावा नाही, परंतु किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाला तो प्रसंग असा दुहेरी दिसतो आणि त्याने चित्रपटाचे वजन वाढते.

बोटीवरून उतरल्यावर बेट्सी घोडागाडीतून मळ्याकडे जाते. गाडीवान म्हातारा आहे, काळा आहे, आणि वाटेत तो हॉलंड घराण्याची माहिती देतो: याच घराण्याने त्याच्या पूर्वजांना साखळदंडांनी बांधून जहाजाच्या तळाशी घालून या बेटावर आणले. बेट्सी भाबडेपणाने म्हणते की निदान सुंदर जागी तरी आणले. त्यावर म्हातारा वाद घालत नाही, तुम्ही म्हणता तर तसे असेल, एवढेच नम्रपणे म्हणतो आणि गाडी हाकत राहतो. एका गोऱ्या पाहुणीच्या समजुतीला एक शब्दही न दुखवता इतके सडेतोड उत्तर १९४३ सालच्या स्वस्त भयपटात एका नोकराच्या तोंडी यावे, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. मळ्याच्या अंगणात गुलामांच्या त्या जहाजाच्या नाळेवरची लाकडी मूर्ती उभी केलेली आहे. बाणांनी विद्ध झालेल्या संत सेबॅस्टियनची ती मूर्ती, बेटावरचे लोक तिला ती-मिझरी म्हणतात, आणि तिच्या अंगावरून सतत पाणी ठिबकत असते. चित्रपट या मूर्तीकडे पुन्हा पुन्हा परत येतो. बेटावर मूल जन्मले की लोक रडतात आणि कोणी मेले की आनंद करतात, असे पॉल सांगतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत जगणे हेच ओझे होते. पहिल्या रात्री बेट्सीला अंधारात कोणीतरी हुंदके देताना ऐकू येते आणि ती घाबरून शोधायला निघते, ते रडणे कशाचे होते हे कळल्यावर हा तपशील अंगावर येतो.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आफ्रिकेतून समुद्रापार नेल्या गेलेल्या माणसांचा इतिहास आपल्याला परका नाही. मुरूडसमोरचा जंजिरा हा सिद्दींचा, आणि त्यांचे संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकून होते. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार आणि कॅरिबियन बेटांवरची उसाच्या मळ्यांवरची गुलामी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. तेथे सत्तेपर्यंत पोहोचण्याची वाट सहसा नव्हती, होती ती मरेपर्यंतची मेहनत. झॉम्बीची कल्पना याच मेहनतीतून आलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांची सँ-दोमिंग ही वसाहत जगातली सर्वांत मोठी साखर पिकवणारी वसाहत होती. तेथल्या गुलामांनी १७९१ साली उठाव केला आणि १८०४ साली हैती हा स्वतंत्र देश उभा केला. आफ्रिकेतल्या फोन, योरुबा, काँगो लोकांच्या देवदेवता आणि मालकांचे कॅथलिक संत यांच्या संगमातून तेथला व्हूडू धर्म घडला. मरण आले की निदान सुटका तरी होईल ही ज्या माणसाची एकमेव आशा, त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी भीती कोणती असणार? मेल्यानंतरही कोणी उठवून पुन्हा मळ्यात राबवील ही. माणसांचे मांस खाणारी झुंड हे झॉम्बीचे रूप १९६८ नंतरच्या चित्रपटांनी रूढ केले. या चित्रपटातला झॉम्बी कोणाच्या अंगावर धावून जात नाही, तो बहुतेक वेळ फक्त उभा असतो, आणि तेवढे पुरते.

तो उभा असतो तो प्रसंग म्हणजे या चित्रपटाचा गाभा होय. जेसिकावर डॉक्टरांचे उपाय संपल्यावर घरातली मोलकरीण अल्मा बेट्सीला सुचवते की बेटावरच्या लोकांचे जे व्हूडूचे ठिकाण आहे, ज्याला ते हूमफोर म्हणतात, तेथे बाईसाहेबांना न्यावे. ती जमिनीवर रेघा ओढून वाट समजावून सांगते आणि वाटेवरच्या राखणदाराने अडवू नये म्हणून दोघींसाठी कापडाचा एकेक तुकडा खूण म्हणून देते. मग त्या दोघी निघतात. बेट्सीच्या अंगावर गडद झगा, जेसिकाचा पांढरा पायघोळ पोशाख, आणि दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ऊस. पार्श्वसंगीत येथे जवळपास गप्प बसते. ऐकू येते ते फक्त पानांचे सळसळणे, वारा, आणि दूर कोठेतरी चाललेला ढोल. वाटेत झाडाला टांगलेले मेलेले जनावर दिसते, एके ठिकाणी भोके पाडलेला पोकळ भोपळा वाऱ्याने घुमत असतो, एके ठिकाणी कवटी मांडलेली असते. कॅमेरा त्यांच्या बरोबरीने उसातून सरकत राहतो. तो पुढे जाऊन काही दाखवत नाही आणि मागे राहून काही लपवतही नाही. बेट्सीची खूण एका काटकीला अडकून गळून पडते आणि हे प्रेक्षकाला दिसते, तिला दिसत नाही. पुढे तिच्या हातातल्या विजेरीचा झोत जमिनीवरून सरकत जातो आणि एका अनवाणी पावलावर येऊन थबकतो. वर उजेड जातो तेव्हा कारफूर, म्हणजे तो वाटेवरचा राखणदार, दिसतो: उंच, काटकुळा, डोळे बटबटीत आणि न लवणारे. डार्बी जोन्स या नटाला चित्रपटभर एक शब्दही नाही. येथे तो हलत नाही, गुरगुरत नाही, हात उचलत नाही. त्या दोघी त्याच्या अंगाला जवळजवळ घासून पुढे जातात, आणि त्यानंतर कितीतरी वेळ आपल्याला पाठीमागे पाहावेसे वाटत राहते.

आमच्या दक्षिण कोकणात तिठ्यावर उतारा ठेवलेला असतो आणि चव्हाट्याला देव मानून त्याचे स्थान केलेले असते, म्हणून रस्ते मिळतात त्या जागी कोणीतरी राखण करत उभे असणे ही आपल्याला शिकवावी लागणारी गोष्ट नाही. परदेशी समीक्षक या प्रसंगाला स्वप्नासारखा म्हणतात. मला तो अजिबात स्वप्नासारखा वाटत नाही. जत्रेहून रात्री उशिरा पाणंदीने घरी परतणाऱ्या माणसाला जसे दिसते आणि ऐकू येते, तसाच तो वाटतो. ढोल दूर आहे, तो कोठे वाजतो आहे हे कळत नाही, वारा फिरला की तो जवळ आल्यासारखा होतो आणि पुन्हा विरतो. शिमग्याच्या दिवसांत शेजारच्या वाडीचा ढोल असाच ऐकू येतो. हे सारे स्टुडिओच्या छताखाली उभारलेले आहे, तो ऊसही मांडणीतला आहे, हे कळल्यावर छायाचित्रकार रॉय हंट आणि ध्वनी सांभाळणारे लोक यांच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. पैसे नव्हते म्हणून त्यांनी अंधार वापरला असे म्हटले जाते आणि ते खरेही आहे, परंतु अंधार सगळ्यांनाच फुकट मिळतो. त्यात काय ऐकवायचे हे थोड्यांनाच उमगते.

हूमफोरमधला भाग मी पुन्हा पुन्हा पाहावा इतका विचारात पाडणारा आहे. तेथे नृत्य चाललेले असते, तलवार घेतलेला माणूस असतो, आणि एका बंद दाराशी लोक रांगेने जाऊन देवाला आपली अडचण सांगतात व आतून उत्तर येते. बेट्सी दाराशी पोहोचते आणि आत ओढली जाते, तेव्हा त्या दाराआड कोण बोलत होते हे उघड होते. हे मी सांगितले तर अर्धा रस जाईल याची जाणीव असूनही सांगतो, कारण या चित्रपटाच्या मोठेपणाचा मुद्दा तेथेच आहे: आत श्रीमती रँड असते. ती सांगते की एका आईला पाणी उकळून बाळाला पाज असे कितीही विनवले तरी ती ऐकत नव्हती. मग पाणी उकळलेस तर शांगो देव प्रसन्न होईल आणि पाण्यातली दुष्ट पिशाच्चे मारून टाकील, असे सांगितल्यावर तिने ते कधी चुकवले नाही. तेव्हापासून ही बाई देवाच्या आवाजात औषधपाणी सांगत आली आहे. चित्रपट तिला ढोंगी ठरवत नाही आणि संतही करत नाही. हेतू चांगला ठेवून तिने जो आवाज उसना घेतला, त्या आवाजाने पुढे तिच्याकडून काय करवून घेतले, हा प्रश्न तो शेवटपर्यंत हातातून सोडत नाही.

हा प्रश्न कोकणातल्या कोणत्याही डॉक्टरला विचारून पाहावा. विंचू चावला की आधी मांत्रिक गाठायचा आणि मग वेळ टळल्यावर दवाखाना, ही रीत आपल्याकडे अगदी अलीकडपर्यंत होती. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात काम सुरू केले, लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर काय परिणाम होतो हे एकेका रोग्याच्या उशाशी बसून टिपले, आणि पुढे प्राझोसीन हे औषध वापरून कित्येक जीव वाचवले. त्यांनी देवाचा आवाज उसना घेतला नाही. माणसे वाचताना दिसू लागली तेव्हा लोक आपणहून दवाखान्याकडे वळले. श्रीमती रँडच्या समोर हा रस्ता होता का, की तिच्याजवळ तेवढे गुणकारी औषधच नव्हते, याचा विचार करत मी बराच वेळ बसलो होतो. आमच्या घरी हा चित्रपट पाहताना माझे मोठे काका होते. ते गावातले मानकरी आहेत आणि देवळात कौल लागतो तेव्हा त्यांची उपस्थिती असते. हा प्रसंग झाल्यावर ते एवढेच म्हणाले, “दाराआडसून बोलणारो देव आमच्यात चालाचो नाय. कौल लागतलो तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.” देवाच्या पाषाणाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, हे सारा गाव पाहत असतो; त्यात श्रद्धेचा भाग असला तरी आडपडदा नसतो. काकांनी बोट ठेवले ते नेमके त्या दारावर, आणि मला वाटते चित्रपटाचा रोखही त्या दारावरच आहे.

जेसिकाला नेमके काय झाले आहे, याचा निकाल चित्रपट शेवटपर्यंत लावत नाही, आणि हा त्याचा आळस नसून शिस्त आहे. प्रत्येक घटनेला दोन स्पष्टीकरणे जोडीने चालतात. तापाने मेंदू गेला म्हणावे तर तलवारीचे टोक दंडात घुसूनही रक्त येत नाही. मंतरलेली आहे म्हणावे तर ती मुळात कधी मेली होती याला पुरावा काय, असे डॉक्टर विचारतो आणि तेही बिनतोड आहे. आधुनिक वैद्यकाचा उपाय म्हणून बेट्सी तिला इन्शुलिनचा जबर धक्का देण्याचा प्रस्ताव ठेवते. रोग्याला जाणूनबुजून खोल बेशुद्धीत नेणारा हा उपचार त्या काळी मनोरुग्णालयांत सर्रास केला जाई आणि पुढे तो मोडीत निघाला. आजच्या प्रेक्षकाला त्यामुळे एक वेगळाच धक्का बसतो, कारण विज्ञानाच्या नावाने केलेला तो प्रयोग हूमफोरमधल्या तलवारीपेक्षा कमी भीतिदायक दिसत नाही. व्हूडूकडे हा चित्रपट ज्या गांभीर्याने पाहतो, त्या गांभीर्याने त्या काळातला दुसरा कोणताही हॉलिवूडचा चित्रपट पाहत नाही. १९३२ सालच्या ‘व्हाइट झॉम्बी’मध्ये तोच विषय बेला लुगोसीच्या रोखलेल्या डोळ्यांपुरता उरतो.

गाण्याचा उल्लेख करायलाच हवा. त्रिनिदादचा कॅलिप्सो गायक सर लान्सलॉट बाजारातल्या गुत्त्याबाहेर गिटारवर हॉलंड घराण्याच्या लफड्याचे गाणे म्हणतो. वेस्ली तेथेच बसलेला आहे हे लक्षात येताच तो अदबीने माफी मागतो. नंतर वेस्ली दारूने लुढकलेला असताना आणि काळोख पडलेला असताना तोच गायक तेच गाणे म्हणत, एकेक पाऊल टाकत बेट्सीच्या दिशेने येतो, आणि उरलेले कडवे तिला ऐकवतो. सूर तोच, चाल तीच, परंतु दिवसाची माफी रात्री कोठे गेली हा प्रश्न अंगावर काटा आणतो. धन्याच्या तोंडावर बोलता येत नाही ते गाण्यातून बोलायचे ही रीत शिमग्याच्या रोंबाटात सोंगे पाहिलेल्या माणसाला समजावून द्यावी लागत नाही.

दोष आहेत, आणि ते झाकण्याचे कारण नाही. बेट्सी आणि पॉल यांचे प्रेम पटत नाही. कडवट बोलणाऱ्या, बायकोच्या आजाराला आपणच जबाबदार आहोत की काय या शंकेने ग्रासलेल्या माणसावर ती एवढ्या झटपट का भाळते याला कथेत जागाच मिळालेली नाही, आणि एकोणसत्तर मिनिटांत ती मिळणे कठीणही होते. बेट्सी झालेल्या फ्रान्सेस डीचा शांत, समजूतदार चेहरा बरेच काही सावरून नेतो. पॉल झालेल्या टॉम कॉन्वेचा आवाज उरलेले. जेम्स एलिसनने मात्र वेस्लीच्या भूमिकेत निराशा केली आहे. ज्या माणसाच्या अपराधाच्या भावनेवर चित्रपटाचा शेवट उभा आहे, तो बहुतेक वेळ नुसता चिडचिडा दिसतो. शेवटी एका पुरुषाच्या आवाजात प्रार्थनेसारखे निवेदन येते आणि मेलेल्या बाईच्या पापाचा निवाडा करून टाकते, ते तर अगदीच खटकते. तासभर ज्याने कोणाचाच निवाडा केला नाही, त्या चित्रपटाला हे शिवलेले ठिगळ शोभत नाही. त्याच्या आधीची दृश्ये, म्हणजे मशाली पेटवून उथळ पाण्यात भाले घेऊन मासे शोधणारे कोळी, इतकी देखणी आहेत की निवेदनाचा आवाज बंद करून ती पाहावीत. चूड पेटवून पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला गेलेल्यांना तो उजेड ओळखीचा वाटेल.

याहून मोठी उणीव अशी की बेटावरच्या माणसांचे दुःख हा चित्रपटाचा पाया असला तरी कथा अखेर गोऱ्यांच्या घरातलीच राहते. थेरेसा हॅरिसने अल्माला जो हसरा, चतुर, जिवंत चेहरा दिला आहे, तो पाहिल्यावर तिच्या घरचे जग कसे असेल याची ओढ लागते, आणि ते जग आपल्याला बहिणीच्या बाळंतपणाच्या एका उल्लेखाच्या पलीकडे दिसत नाही. हूमफोरमधला मुख्य पुजारी तर नुसता आकार आहे. त्या काळाच्या मानाने या चित्रपटाने पुष्कळ केले, परंतु पुरेसे केले नाही असे माझे मत आहे.

पाहण्याबद्दल दोन शब्द. वॉर्नरने २००५ साली काढलेल्या ल्यूटनच्या चित्रपटांच्या डीव्हीडी संचात तो आहे, आणि क्रायटेरियनने २०२४ साली ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’ या ल्यूटनच्याच चित्रपटासोबत त्याची स्वच्छ केलेली नवी प्रत काढली. मिळाली तर हीच घ्यावी, कारण खराब प्रतीत झडपांच्या खिडक्यांतून भिंतींवर पडणाऱ्या सावल्या नुसत्या काळ्या चिखलासारख्या दिसतात आणि अर्धा चित्रपट तेथेच हरवतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो पाहू नये. उसाची सळसळ आणि दूरचा ढोल त्यातून येतच नाहीत. याच कारणाने मिरगापासून श्रावण सरेपर्यंत, कौलांवर आणि पत्र्यांवर पाऊस कोसळत असताना, तो लावण्यात अर्थ नाही. थंडीतली निवांत रात्र, दिवे मालवलेले आणि बरे हेडफोन किंवा स्पीकर एवढी तयारी पुरे. गाण्याचे शब्द समजण्यासाठी इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवावीत. ज्यांना दर पाच मिनिटांनी दचकायचे आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, त्यांचा हिरमोड होईल. घरातल्या जाणत्या मुलांना मात्र सोबत बसू द्यायला हरकत नाही, कारण पडद्यावर रक्त जवळपास नाहीच. पहिल्या रात्रीचा मनोऱ्याच्या पायऱ्यांवरचा प्रसंग तेवढा जड जाईल, त्या वेळी कोणी मोठे माणूस शेजारी असावे.